वळणापलीकडची वस्ती

“चढाला आरशात बघायचं नाही रे बाबा. आरशात दरी दिसते, रस्ता नाही.”

गाडी शिकवणारे वस्ताद जाऊन किती वर्षं झाली, पण गाडीपाशी वाकलं की त्यांचा खर्जातला आवाज कानाशी यायचाच. आत्ताही तो शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर गुडघा टेकून व्हॅनच्या पोटाखाली बघत होता. या गाडीचं इंजिन पुढच्या दोनच चाकांना ओढायचं, शेजारचीचं चारही. सकाळपासून घोडं तिथंच अडलं होतं.

“भाऊजी, काही हरवलंय का खाली? सापडलं तर वर या,” वहिनी म्हणाली. फिरत्या दवाखान्याची ती नर्स, हा ड्रायव्हर. घरातलं नातं गाडीतही तसंच चालायचं.

तो उठला. तळव्यांचा घाम त्यानं शर्टाला पुसला.

“साधीच घेऊ. डिझेल कमी पिते, दुरुस्ती सोपी.”

“आणि वरची वस्ती?”

“हॉर्न वाजवला की येतात की लोक खाली.”

“येत होते,” वहिनी म्हणाली.

दोन वर्षं तसंच चाललं होतं. पायथ्याशी वहिनी टेबल मांडायची. तो एकटाच गाडी चढावर नेऊन बघायचा. जरा वेळानं वळणाआडून गाडी उलटी खाली यायची आणि तो मान हलवायचा. वर ओल आहे, चाकं जागीच फिरतात. मग तीन लांब हॉर्न. म्हातारीकोतारी भिंतींना धरधरून उतरू लागायची. गेल्या महिन्यात तसंच उतरताना मास्तरीणबाई पडल्या. खुबा मोडला, ऑपरेशन करावं लागलं. आता दिवसाआड त्यांचं ड्रेसिंग करायला कुणीतरी वर जायलाच हवं होतं. चाकं फिरतात, हे त्याचंच म्हणणं वहिनीनं अर्जात लिहिलं, आणि त्या अर्जावरच चार चाकांच्या ताकदीची गाडी मंजूर झाली होती.

“मागे चढ बांधलाय आम्ही, मुद्दाम पाणी मारून ठेवलाय,” सेल्समननं किल्ली पुढे केली. “एकदा चालवून तर बघा.”

“त्याची काही गरज…”

“चला हो! बोहल्यावर चढायला सांगत नाहीये कुणी.” वहिनीनं किल्ली घेऊन त्याच्या मुठीत कोंबली.

चढ फार नव्हता, दोन मजल्यांएवढा. सेल्समन वर जाऊन उभा राहिला आणि हातानं ‘या, या’ करू लागला. गाडी पायथ्याशी गुरगुरत थांबली होती. क्लचवरचा त्याचा पाय शिलाईयंत्राच्या सुईसारखा थडथडत होता. वहिनीचं लक्ष आधी त्या गुडघ्याकडे गेलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे.

“बरं नाही का वाटत?”

“नाही, तसं काही नाही.”

“मास्तरीणबाई काल फोनवर विचारत होत्या,” ती हलकेच म्हणाली. “नवी गाडी कधी येणार म्हणून. पलंग खिडकीशी ओढून घेतलाय म्हणे त्यांनी.”

त्यानं हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. वर सेल्समनचा हात हलता हलता थांबला.

“वहिनी, जुन्या गाडीची चाकं कधी घसरलीच नाहीत.”

“मग?”

“ती चढायची. वळणावर खालची दरी दिसली की माझेच हातपाय गळायचे. जरा वेळ थांबायचो आणि मागे घ्यायचो.” त्यानं स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेतले. “मास्तरीणबाई पडल्या त्या दिवशी तर वर ओलसुद्धा नव्हती.”