तोंडात कंगवा

व्हर्नेलमावशीला कॅमेऱ्याची भीती वाटत नव्हती, हीच इमाराची अडचण होती.

शिकागोच्या एका गॅलरीने इमाराला फिल्म दाखवायला एक भिंत देऊ केली होती. त्या भिंतीवर वीस मिनिटं एक बाई घरातलं काम करत राहणार, गप्प, कुणी बघतंय हे विसरून. फिल्म सोमवारी द्यायची होती. आज रविवार, आणि मावशी चर्चची जांभळी हॅट घालून पालेभाजी निवडायला बसली होती.

"घरात हॅट घालतेस कधी, मावशी?"

"घरात भिंतभर लोक येतात कधी?"

केस झाकायची रोजची सॅटिनची टोपी घाल, असं इमाराने सुचवून पाहिलं. त्या टोपीत मावशी दारातला पेपर उचलायलाही जात नसे. तिने हॅट सरळ केली. एकेक पान कॅमेऱ्याला दाखवत ती देठांबद्दल बोलली, शेजारच्या लोरेथाच्या भाजीत लागणाऱ्या वाळूबद्दल तर फारच बोलली. सव्वीस मिनिटांत सलग शांतता अकरा सेकंद. इमाराने मोजली होती.

ती कपाळाला हात लावून बसली, तेव्हा मावशीचं लक्ष तिच्या डोक्याकडे गेलं.

"हे असं डोकं घेऊन उद्या जाणार? लोक म्हणतील, पोरीला कुणी नाही. बस खाली."

इमारा उशी घेऊन मावशीच्या दोन गुडघ्यांमध्ये बसली. मावशी वाकली तशी हॅट डोळ्यांवर आली. तिने ती काढून फ्रिजवर ठेवली. बोटांनी भांग पाडायचा म्हणून कंगवा दातांत धरला.

"मावशी, कॅमेरा चालू आहे बरं का."

"हं," कंगव्यामागून आवाज आला.

मग फक्त गॅसवरची भाजी रटरटत होती. मावशी हाताच्या पालथ्या बाजूला घेतलेलं तेल बोटाने घेऊन भांगात लावी, इमाराचा कान दुमडी, वेणी आवळी. कॅमेऱ्याचा लाल दिवा बघायला इमाराने एकदाच मान वळवली, तेव्हा भांग वाकडा गेला आणि डोक्यात टपली बसली. सलग शांतता चोवीस मिनिटं.

संध्याकाळी मावशीने सगळं पाहिलं. तिने नाही म्हटलं तर भिंत रिकामी राहणार होती.

"हॅट कुठेय?"

इमाराने पडद्याच्या कोपऱ्यात फ्रिजवरची जांभळी कड दाखवली.

"तो कोपरा कापू नकोस," मावशी म्हणाली. "आणि खाली लिही, भांग सरळच होता. डोकं हललं."