मोठ्या घराचा जिना

मित्रांनो, मी एक जुना लाकडी जिना आहे. टेकडीवर जे दगडी मोठं घर आहे, त्याच्या मधोमध मी उभा आहे.

आमचं गाव खाणीमुळे वसलं. मालकांनी इथे दगडाची खाण काढली, कामगार आले, नदीकाठी घरं वाढली. मग मालकांनी त्याच दगडातून स्वतःसाठी हे घर बांधून घेतलं. मला घडवणारा सुतार अबोल होता, पण कठडा घासताना माझ्याशी मात्र बोलायचा. शेवटचा हात फिरवून तो म्हणाला, "झालं बाबा. आता माझा पाय काही तुझ्यावर पडायचा नाही." तसंच झालं. गावकऱ्यांसाठी मागचं दार होतं. माझ्यावरून मालकांचं कुटुंब आणि पाहुणे तेवढे जात. पाहुणे माझी तोंडभरून स्तुती करत.

एका वर्षी नदी फुगली आणि पाणी गावात शिरलं. माणसं पोरांना कडेवर घेऊन टेकडीकडे धावली आणि सवयीने मागच्या दाराशी जाऊन थांबली. मालकीणबाईंनी पुढचं दार सताड उघडलं.

"तिकडे काय उभे राहिलात? इकडून या, वर चला! चिखलाचं नंतर बघू!"

सगळं गाव माझ्यावरून वर गेलं. खोल्या भरल्या, तशी माणसं पायऱ्यांवरही दाटीवाटीने बसली. लोहाराच्या बायकोचे दिवस भरले होते. माझ्या वळणावरच तिला कळा सुरू झाल्या आणि पुढे सरकायला जागा नव्हती. मालकीणबाईंनी आपली शाल आडोशाला धरली, सुईण पुढे झाली आणि तिथेच एक मुलगी जन्माला आली. गावाने तिचं नाव ठेवलं पायरी. तेच कायमचं चिकटलं.

पुढे खाणीतला चांगला दगड संपला. मालकांचं कुटुंब शहरात गेलं आणि दाराला कुलूप लागलं. छप्पर गळू लागलं, वाळवीने मला पोखरलं, खालच्या पायऱ्या खचल्या. माणसाचं पाऊल कसं असतं, हेही मी विसरत चाललो होतो.

मालकांनी सोडून दिलेलं घर शेवटी ग्रामपंचायतीकडे आलं. त्याचं काय करायचं, हे ठरवायला एक दिवस गावकरी दिवाणखान्यात जमले. ठेकेदार म्हणाला, "पाडून टाकू. दगड रस्त्याला येईल कामाला."

एक म्हातारा खाणकामगार उठला. "या घरापायी आम्ही हाडं झिजवली. पडू दे एकदाचं!"

बऱ्याच माना हलल्या. तेवढ्यात पायरीताई उभी राहिली. ती आता गावाची नर्स होती.

"काका, हाडं तुम्ही झिजवलीत, म्हणजे घर तुमचंच की! आपलंच घर आपण पाडायचं? गावात दवाखान्याला धड खोली नाही. मी या जिन्यावर जन्मले. आता बायकांना निदान नीट खाट तरी मिळू दे."

म्हाताऱ्याने भिंतीच्या दगडांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "छपरापासून सुरुवात करा. नाहीतर सगळी मेहनत पाण्यात जाईल."

आणि गाव कामाला लागलं. गवंडी छपरावर चढले. सुतारकाम करणाऱ्या दोघी बहिणींनी माझ्या कुजलेल्या फळ्या काढल्या, धड होत्या त्या जपून ठेवल्या आणि नव्या अशा बेमालूम बसवल्या, की माझं मलाच कळेना कुठली कोणती! आज खाली दवाखाना आहे, वर वाचनालय आहे. दिवसभर माझ्यावरून वर्दळ चालू असते. त्या सगळ्या पावलांचा मी ऋणी आहे.

परवा मालकांची नात आली. दारातच घुटमळली. "आत आले तर चालेल का?"

म्हातारा खाणकामगार माझ्या पायरीवर दम खात बसला होता. तो हसला. "विचारतेस काय, पोरी? ये. फक्त कठड्याला हात लावू नकोस, पॉलिश ओलं आहे."

मित्रांनो, तुमच्याकडेही असं एखादं बंद घर असेल. ते कुणी बांधून घेतलं, एवढंच विचारू नका. ते कुणाच्या हातांनी उभं राहिलं, हेही विचारा. आणि जमलंच तर एखादी खिडकी उघडून थोडा वारा आत येऊ द्या. आम्हा जुन्यांचं मागणं फार नसतं.