एकोणीसशे पन्नासला कोण जिंकलं

आमच्या घरात सकाळी दोन जप चालतात. देव्हाऱ्यासमोर माझा, आणि मागे खुर्चीत बसून ह्यांचा. माझा मनातल्या मनात, कारण अकरा माळा पूर्ण झाल्याशिवाय मी तोंडातून शब्द काढत नाही. एकवीस वर्षांचा नेम आहे. ह्यांचा मात्र खणखणीत आवाजात. "तीस साल, उरुग्वे. चौतीस, इटली. अडतीस, इटली." निपाणीच्या शाळेत ते बत्तीस वर्षं पी.टी.चे मास्तर होते. फुटबॉलच्या वर्ल्डकपचा सगळा इतिहास त्यांना पाठ, आणि ऐकून ऐकून मलाही. जन्मात मी एक सामना धड बघितलेला नाही, पण झोपेत विचारलं तरी बासष्टला ब्राझील आणि अठ्ठ्याहत्तरला अर्जेंटिना हे सांगेन.

सुरुवातीला मला बोलतं करायला ते मुद्दाम चुकायचे. "सहासष्ट, पोर्तुगाल," म्हणायचे आणि गप्प बसायचे. 'इंग्लंड' माझ्या ओठांपर्यंत यायचं.

"बोल की, जयवंता! मोडू दे की एकदा नेम!"

मी माळ तोंडावर धरून हसू दाबायची.

फक्त पन्नास सालाशी ते कधी खेळले नाहीत. अडतीसनंतर लढाई सुरू झाली आणि बारा वर्षं कपच झाला नाही. त्या काळात इटलीतल्या कुणीतरी तो कप बुटाच्या खोक्यात घालून पलंगाखाली लपवला होता म्हणे. मग पन्नास साली ब्राझीलमध्ये कप भरला. शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी झाली असती तरी ब्राझील जिंकलं असतं. मैदानात दोन लाखांच्या आसपास माणसं, आणि उरुग्वेनं दोन-एकनं हरवलं. "एवढी माणसं, आणि चिडीचूप," हे सांगताना ह्यांचा आवाज दरवेळी बसतो. आपल्या भारतालाही त्याच कपाला जायला मिळत होतं, आणि आपण गेलो नाही. ते दुखणंही त्याच सालाचं.

तो चैत्रातला मंगळवार होता. यंदाचा कप दोन महिन्यांवर आला होता. माझी सहावी माळ संपत आली होती.

"अडतीस, इटली," ते म्हणाले. मग जरा थांबले. "पन्नास, ब्राझील."

माझा अंगठा मण्यावरच राहिला. देव्हाऱ्याच्या वरच्या घड्याळात सहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

मी वळून बघितलं. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. उजव्या हातातला कप तिरका झाला होता, चहा लेंग्यावर सांडत होता, आणि त्यांना ते कळत नव्हतं. "ब्राझील," ते परत म्हणाले. जरा वेळानं आणखी एकदा, "ब्राझील."

थट्टा असेल, असं मी मनाला सांगितलं. पण पन्नासची थट्टा ते करायचे नाहीत. अजून पाच माळा राहिल्या होत्या. अर्ध्यात बोलले आणि मोडलेल्या नेमाचं काही ह्यांच्यावर आलं तर? दोन भीतींतली मी जुनी धरली. माळ ओढत राहिले, इतक्या घाईनं, की नाव घेतलं की नुसतेच मणी सरकवले, ते देवाला ठाऊक.

सात वाजायला दहा मिनिटं असताना माळा संपल्या. मी उठले आणि ह्यांच्यापुढे जाऊन बसले.

"अहो, पन्नासला कोण जिंकलं?"

आमचा सूरज दात घासत दारात उभा होता. "आई, तू रेफ्री झालीस व्हय गं?"

सूनबाई, रचना, चपात्या लाटता लाटता हसली. "मामा, सांगा की! आत्ती परीक्षा घ्यायल्यात तुमची."

ते हसले. चेहऱ्याची डावी बाजूच तेवढी हसली.

"पित्त झालं असंल," सूरज म्हणाला. "काल किती भजी खाल्ली आप्पांनी! लिंबूपाणी दे आणि पडू दे जरा."

"मोठ्या दवाखान्यात न्यायचं," मी म्हणाले.

माझा आवाज मुळात लहान. मिक्सर चालू होता. मी तीनदा म्हणाले. "नऊला गल्लीतला डॉक्टर येतोय की, त्याला दाखवू," एवढंच उत्तर मिळालं. पावणेनऊला ते परसात जायला उठले आणि उजव्या अंगावर कोसळले. मग कुणी पित्त म्हणालं नाही.

ह्यांचा जुना विद्यार्थी भरमू शेजारच्याच गल्लीत राहतो. तो गाडी घेऊन धावत आला. "बेळगाव का कोल्हापूर?"

"बेळगाव," सूरज म्हणाला. "दवाखान्याचं सरकारी कार्ड हिकडं कर्नाटकातच चालतंय."

"कार्डाचं नंतर बघू रं! कोल्हापूर जवळ हाय. चल, पाय धर मास्तरांचे."

मागच्या सीटवर ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, मधूनच घशातून नुसता आवाज निघत होता. कोगनोळीच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती. भरमूनं हॉर्नवरचा हात काढला नाही. "माझ्या सासऱ्यांचं असंच झालतं," तो म्हणाला. "सुरू झाल्यापास्नं साडेचार तासांत इंजेक्शन मिळालं तर लई फरक पडतोय. आमाला उशीर झाला."

सूरजनं घड्याळ बघितलं. "सातला सुरू झालं. म्हणजे साडेअकरा. हाय टाइम, हाय."

मी काही बोलले नाही. हे गप्प राहणं कुठल्याच नेमात बसत नव्हतं. मनात देवाचं नाव आणायला गेले तर मिनिटंच मोजली जात होती.

कोल्हापुरात दवाखान्यात पोचलो, डोक्याचा फोटो निघाला, तोवर दहा पस्तीस झाले. डॉक्टर तरुण बाई होत्या. "रक्तस्राव नाही, गुठळी आहे. इंजेक्शन देता येईल. शेवटचे नीट कधी बोलले? नक्की वेळ सांगा."

"सात, मॅडम," सूरज म्हणाला.

"अंदाज नकोय मला. साडेचार तास उलटल्यावर हे दिलं, तर मेंदूत रक्त सुटायचा धोका वाढतो."

सूरजनं माझ्याकडे बघितलं. सहा वीस म्हणाले, तर मुदत दहा पन्नासला संपणार, म्हणजे पंधराच मिनिटं उरणार. तेवढ्यात जमलं नाही तर ह्यांना इंजेक्शनच मिळायचं नाही. गप्प राहिले, तर साडेअकरापर्यंत सगळ्यांना वाटणार वेळ आहे, आणि आत रक्त सुटलं तर ते मी सोडलेलं असणार. आणि लेकासमोर सगळं उघडं पडणार होतं, तेही होतंच.

"सहा वीस."

"मोठ्यानं बोला, आजी."

"सहा वाजून वीस मिनिटं. अडतीसपर्यंत बरोबर होते. पन्नासला चुकले."

डॉक्टरांनी सूरजकडे बघितलं. बहुतेक त्यांना वाटलं, बाईचं भान सुटलंय.

"वर्ल्डकप, मॅडम," सूरज म्हणाला. "रोज सकाळी म्हणतात ते. कोणत्या साली कोण जिंकलं."

"एरवी कधी चुकतात का?"

"बाकीची सालं थट्टेनं मुद्दाम चुकायचे," मी म्हणाले. "पन्नास कधी नाही. आज 'ब्राझील' म्हणाले, आणि हातातला चहा सांडला."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि वळून जवळजवळ पळतच निघाल्या. "सिस्टर, वजन घ्या! औषध काढा लगेच!" सूरजनं कागदावर सही केली; सही त्याची वाटत नव्हती. पडदा ओढला गेला तेव्हा दहा चव्वेचाळीस झाले होते.

बाहेर बाकावर आम्ही तिघं बसलो.

"आई, तुला सहा वीसलाच कळलं होतं?"

"व्हय."

"आणि माझ्याम्होरं येऊन बोलायला सात वाजले?"

"माळा राहिल्या होत्या रं."

मनात ते वाक्य असं वाटलं नव्हतं. मोठ्यानं म्हटल्यावर ते काय आहे ते मलाच ऐकू आलं. भरमू आपल्या चपलांकडे बघत राहिला. सूरज उठून खिडकीशी गेला.

जरा वेळानं सिस्टर बाहेर आली. "एकच जण आत या."

"तू जा," सूरज म्हणाला. वळला नाही.

डॉक्टर कॉटपाशी उभ्या होत्या. "वेळेत दिलंय. पण चोवीस तास काही सांगता येत नाही. डोकं दुखलं, उलटी झाली, बोलणं आणखी बिघडलं, काहीही वेगळं वाटलं तर लगेच हाक मारायची. विचार करत बसायचं नाही."

मी स्टुलावर बसले. माळ पिशवीत होती, ती काढली नाही. ह्यांच्या छातीकडे, तोंडाकडे, डोळ्यांकडे आळीपाळीनं बघत राहिले. कितीतरी वेळानं त्यांनी डोळे उघडले. नजर माझ्यावर आली आणि थांबली. ओळख होती की नव्हती, मला कळेना. ओठ हलले. कान जवळ नेला. घशातून एक आवाज आला, शब्दासारखा, पण शब्द नव्हे. मघाशी गाडीत असाच होता का? की हा वेगळा? कपाळावर आठी पडली. डोकं दुखतंय का?

"सिस्टर!"

वॉर्डातली सगळी माणसं वळून बघायला लागली. पलीकडच्या टोकाहून ती धावत निघालेली मला दिसत होती, तरी मी ओरडतच होते.