चौथ्या मजल्यावर राहिलेला जीव

देवादादाचा जीव बुधवारी संध्याकाळी पावणेसहाला परत आला. हे तुम्ही वाचलेलंच नाही, असं धरून चालू. तर बुधवारचे पाच वाजलेत, जीव अजून आलेला नाही, आणि देवादादा डोन्या एस्तेलाच्या हॉलमध्ये चटईवर सरळ पडलाय.

"अंडं नको हं," उल्कावहिनी म्हणाली. "आज चतुर्थी आहे."

"खायचं नाहीये वहिनी. अंगावरून फिरवायचंय फक्त," मी म्हणालो.

"मग उपासाला चालतं?"

ही केस आजवर कुठल्याच शास्त्रापुढे आलेली नसावी. शेवटी एस्तेलानेच अंडं फ्रीजमध्ये परत ठेवलं आणि लिंबू आणलं.

"लिंबू आमच्यातही चालतं," वहिनी एकदम खुलली.

डोन्या एस्तेला, म्हणजे आपल्यातल्या एस्तेलाबाई, इथे अमेरिकेत हर्नडनला आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहते. मूळची मेक्सिकोची, वय सत्तरीचं. वहिनीची आणि तिची मैत्री लाँड्री रूममध्ये ड्रायरसमोर बसून झाली. तिचं मोडकं इंग्रजी आणि मी ॲपवर शिकलेलं स्पॅनिश मिळून जी भाषा व्हायची, ती इथे मराठीतच देतो. माणूस दचकला की कधीकधी जीव अंगातून निघतो आणि दचकला तिथेच राहतो. त्यांच्याकडे याला सुस्तो म्हणतात, आपल्याकडे धसका. फरक इतकाच, की आपण तो घेऊन हिंडतो आणि एस्तेला तो पाल्याने झाडून काढते.

"डॉक्टरला दाखवलं?" तिने आधी हेच विचारलं होतं.

"दोनदा. सगळं नॉर्मल आहे," वहिनी म्हणाली. "पण हा नॉर्मल नाहीये."

देवादादा माझ्याच ऑफिसात आहे. विमानाची सीट निवडायच्या पानावर सीट निवडता येते का, हे तो नऊ वर्षं तपासतोय. येते. मार्चमध्ये एका सकाळी बारा जणांना चौथ्या मजल्यावरच्या 'पोटोमॅक' नावाच्या खोलीत बोलावलं. दादा बारावा. अकरा जणांच्या हातात पाकिटं पडली. दादाची पाळी आली तेव्हा एचआरच्या बाईंनी यादी वर-खाली पाहिली आणि म्हणाल्या, "ओ सॉरी, यू आर नॉट ऑन धिस लिस्ट. यू कॅन गो बॅक."

इन्व्हाइट चुकून गेलं होतं. दादा जागेवर आला आणि उरलेल्या सीट तपासल्या.

त्याला काढलं नव्हतं, म्हणून कुणी सांत्वनालाही गेलं नाही.

"आधी जेवायला हाक मारली की 'आलो, पाच मिनिटं' म्हणायचा आणि पाऊण तासाने उगवायचा," वहिनी सांगत होती. "मी किती भांडलेय त्यावरून! आता हाक मारली की ताडकन उभा. चार्जर गुंडाळून, बॅग खांद्याला लावून टेबलाशी येतो. परवा म्हणाला, 'बसू का?' स्वतःच्या घरात! मला भीती वाटते हो."

एस्तेलाने दादाला पांढऱ्या चादरीने डोक्यापासून झाकलं. बाल्कनीतून पाला तोडून आणला.

"अय्या, ही तर सताप! आमच्याकडे लहान मुलांना देतात," वहिनीने एक काडी ओळखली. दुसरी रोझमेरी होती. तिची आमच्या कुणाशी ओळख नव्हती.

एस्तेला प्रार्थना पुटपुटत डोक्यापासून पायापर्यंत झाडू लागली. मग लिंबू फिरवलं आणि हाक मारली, "देबदाता, ये. तिथे राहू नकोस."

दादा चादरीसकट उठून बसला. "येस! हिअर!"

"हे येणं नाही, ही हजेरी आहे," एस्तेलाने त्याला परत आडवं केलं. "माझा आवाज त्याच्या जिवाला काय माहीत? तू मार हाक."

वहिनी लाजली. "देवदत्त, प्लीज ये," ती इतकं हळू म्हणाली, की त्यापेक्षा मीच चौथ्या मजल्यावर जाऊन जीव घेऊन आलो असतो. चादर पुन्हा उठायला लागली.

"अशी मारतेस रोज?" एस्तेलाने विचारलं.

वहिनीने पदर नसताना पदर खोचला. "देवाऽ! ताट वाढलंय! आमटी गार होतेय, कितीदा सांगायचं रे!"

वरच्या मजल्यावर कुणाचं तरी कुत्रं भुंकलं. मग चादरीतून आवाज आला, जरा वैतागलेला.

"आलो गं. पाच मिनिटं."

आणि चादर हलली नाही.

घड्याळात पावणेसहा झाले होते. वहिनी तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

"काय म्हणाला?" एस्तेलाने मला विचारलं.

"पाच मिनिटांत येतो म्हणतोय."

"मग बसा," ती खुर्ची ओढत म्हणाली. "माझा नवराही असाच होता."

पाच मिनिटांनी दादा घोरायला लागला. वहिनी त्याच्या उशाशी बसून सतापीची पानं निवडत राहिली, मेथी निवडावी तशी.

शनिवारी तो चुरगळलेल्या टीशर्टात माझ्याकडे आला. "यार संग्राम, माझं झालं. पण त्या खोलीत अजून अकरा जण होते."

"दादा, ते गेले सगळे."

"गेले रे. पण पूर्ण गेले का?"

एस्तेला म्हणाली होती, की जिथे राहिला तिथूनच बोलावलं तर जीव लवकर येतो. म्हणून दादाने नऊ वर्षांत पहिल्यांदाच ऑफिसच्या पोर्टलवर अर्ज टाकला. प्रकार निवडायचा होता: एअर कंडिशनिंग, गळती, इतर. त्याने 'इतर' निवडलं. मराठीत अर्ज साधारण असा:

"विषय: 'पोटोमॅक' खोली पंधरा मिनिटे मिळणेबाबत.

महोदय, सदर खोलीत मार्चमध्ये बोलावलेल्या अकरा सहकाऱ्यांचे जीव तिथेच राहिले असण्याची शक्यता आहे. माझा मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. तरी कामकाज सुरू होण्यापूर्वी एक वयस्क बाई, पाल्याची एक जुडी व एक लिंबू यांस प्रवेश मिळावा. धूर केला जाणार नाही. प्रत्येकाला घरी ज्या नावाने हाक मारतात, ती नावे फोन करून विचारून घेतली असून सोबत जोडली आहेत. पैकी चौघे आता भारतात असल्याने त्यांच्या जिवांना लांब जायचे आहे, सबब हाक मोठ्याने मारावी लागेल. शेजारच्या खोल्यांना तशी पूर्वसूचना द्यावी, ही विनंती."