चव्वेचाळिसावा फॉर्म

निवृत्तीच्या दिवशी पाणीपुरवठा कार्यालयात सगळ्यात खुशीत कोण होतं, तर खुद्द अण्णा. एरवी नाकावर माशी बसू न देणारा हा हेडक्लार्क सकाळपासून चक्क शीळ घालत होता. कारणही तसंच होतं. अकरा वर्षांचा संसार आज दुसऱ्याच्या हवाली करायचा होता, आणि तो त्यांनी अगदी चोख मांडून ठेवला होता.

संसार म्हणजे फॉर्म. कुणाच्या दारासमोर पाइप फुटला की त्याने मोबाइलवर फॉर्म भरायचा, की निरोप आपोआप त्या भागातल्या फिटरला. फिटरने काम झाल्याचं लिहिलं की तक्रार आपोआप बंद. असले फॉर्म अण्णांनी स्वतःच शिकून एकेक करत उभे केले होते, आणि सगळे त्यांच्याच खात्यात होते. नियम असा, की निवृत्त होणाऱ्याचं खातं त्याच दिवशी ठीक पाचला यंत्रच बंद करतं. मालकी कुणाच्या नावावर केली नसेल, तर खात्याबरोबर फॉर्मही गेले.

मालकी मिळणार होती हॅलोताईंना. सोळा वर्षं तक्रारीच्या फोनवर बसल्याने बाईंना हे नाव पडलेलं. बोलायला खणखणीत, पण यंत्राच्या कामाला कच्च्या, असं अण्णांचं मत. ते त्यांनी साहेबांच्या कानावरही घातलं होतं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि नाव हॅलोताईंचंच दिलं.

सकाळीच बाईंच्या नावावर केलेले फॉर्म अण्णांनी पुन्हा यादीशी ताडले, साडेचारला त्रेचाळिसाव्यावर खूण केली आणि चष्मा पुसला. शेजारच्या खोलीत खुर्च्या मांडून झाल्या होत्या, साहेब भाषणाचा कागद घेऊन येरझाऱ्या घालत होते. एवढ्यात हॅलोताई म्हणाल्या, एक फॉर्म राहिलाय, यंत्र चव्वेचाळीस दाखवतंय.

अण्णांच्या कपाळाला आठ्या पडल्या. यादी आपण हाताने केलीय, तेव्हा चुकलं असेल तर यंत्र, असं त्यांनी सुनावलं. हॅलोताईंनी पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा, बोट ठेवून. आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

सगळ्यात खाली नाव होतं, 'उठलीस का?'

अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. तो फॉर्म त्यांच्या आईचा होता. आई एक दिवसाच्या प्रवासावरच्या गावात एकटीच राहायची. कानाने ऐकू कमी, म्हणून रोज सकाळी सातच्या आत ती त्यात एक ओळ लिहायची आणि ती अण्णांच्या फोनवर यायची. सातपर्यंत ओळ आली नाही, तर खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला निरोप जायचा. त्याच्याकडे किल्ली होती. दोन वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात पडली, तेव्हा सात वाजून चार मिनिटांनी शिंप्याने दार उघडलं होतं. म्हणून आई वाचली.

आणि नेमका हाच विसरावा? त्यांच्या लेखी तो फॉर्म कधी नव्हताच. ती आई होती, तिला कोण यादीत घालणार?

अण्णांनी तो घरच्या खात्यावर घ्यायचा प्रयत्न केला. यंत्राने साफ नकार दिला, कार्यालयाचा फॉर्म बाहेर जात नाही. नवा करावा, तर आईच्या फोनवरचं बटण जुन्याच फॉर्मचं, आणि ते एक बटण शिकवायला त्यांना अख्खी सुट्टी लागली होती. घड्याळात चार बेचाळीस झाले होते.

"माझ्या नावावर करा," हॅलोताई म्हणाल्या.

अण्णांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने केलं. हुश्श म्हणणार, तोच बाईंनी हात वर केला. फॉर्म माझा झाला, पण निरोप अजून तुमच्याच पासवर्डवर जातोय, तो पाचला मरेल, असं त्या म्हणाल्या आणि भराभर आपला पासवर्ड घालू लागल्या. मग बाकीच्या त्रेचाळीस फॉर्मचं काय, अण्णांनी विचारलं. त्यांचं दुपारीच केलं, तुम्ही डबा खात होतात तेव्हा, असं उत्तर आलं. अण्णांना स्वतःचीच लाज वाटली, आणि त्या लाजेतही भारी आनंद झाला.

आता चालतंय का ते बघायला हवं होतं. अण्णांनी आईला फोन लावला आणि बटण दाब म्हणून ओरडले. सगळं कार्यालय दारात गोळा झालं. आई बधेना. सकाळीच उठलेय, आता परत उठले म्हणून खोटं कशाला लिहू, असं तिचं म्हणणं. चार त्रेपन्नला हॅलोताईंनी फोन हातात घेतला आणि सोळा वर्षांचा आवाज लावला.

"आजी, उद्यापासून तुमची ओळ माझ्याकडे येणार. वाट बरोबर आहे का बघायचीय. काहीही लिहा."

"तू कोण गं?"

"मी अण्णांच्या जागेवर आलेय."

पलीकडे फोन ठेवला गेला. फिटर लोक श्वास रोखून उभे, साहेबांच्या कागदाची सुरळी झालेली. चार अठ्ठावन्नला हॅलोताईंचा फोन वाजला. त्यांनी मोठ्याने वाचलं, "हिचं बोलणं ऐकू येतं."

खोलीत एकच हशा उसळला. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी अण्णांची पाठ थोपटली. अण्णांचा जीव भांड्यात पडला. त्या गोंधळात पाच वाजले आणि त्यांच्या पडद्यावरून नाव पुसलं गेलं. त्यांनी ते पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र सहालाच जाग आली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच फोन गप्प होता. अण्णा या खोलीतून त्या खोलीत फिरले, बायकोवर उगाच डाफरले. सातला दोन मिनिटं असताना हॅलोताईंचा फोन आला.

"आईंची ओळ आली, अण्णा. साडेसहालाच आली होती, पण मला वेळेआधी फोन करवेना."

"का? काय लिहिलंय?"

हॅलोताईंनी जशीच्या तशी वाचली. "उठले. मुलाला आजपासून ऑफिस नाही. त्याला झोपू दे."