पाटी तीच, झाड दुसरं

मित्रांनो, माझ्या बुडाला आता गळती लागली आहे, कानाशी गंज चढला आहे आणि तोंडाची निम्मी भोकं वाळूने बुजली आहेत. तरी मला ओळखायला तुम्हाला वेळ लागणार नाही. झाडांना पाणी घालायची एक जुनी पत्र्याची झारी, ती मी. हल्ली प्लास्टिकच्या हिरव्या झाऱ्या निघाल्या आहेत. दिसायला गोजिरवाण्या, पण एक उन्हाळा काढला की त्यांचे तुकडे. माझं तसं नाही. मी पुष्कळ उन्हाळे काढले, आणि त्यातला एक मला जन्मभर पुरून उरला आहे.

माझा जन्म अजमानच्या जुन्या बाजारातला. चिपळूणकडचे हारुनचाचा तिथे पत्र्याचं काम करायचे. त्यांनी जाड पत्रा कापला, ठोकून गोल केला, सांध्यांना डाग दिला आणि खिळ्याने एकेक भोक पाडून माझं तोंड तयार केलं. सुरैय्या मला न्यायला आली तेव्हा त्यांनी मला पाण्याने भरून उलटी केली. पाऊस पडावा तसं पाणी पडलं. "घे बेटी, ही तुला नातवंडं होईपर्यंत टिकेल," ते म्हणाले. मी टिकले. टिकायला नको होतं असं वाटण्याची वेळ पुढे आली, ती गोष्ट वेगळी.

सुरैय्या रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावची. लग्नानंतर नवऱ्याबरोबर अजमानला आलेली. ती लहान असताना तिचे अब्बा इतरांबरोबर लाँचमध्ये बसून इकडे कामासाठी निघाले होते. त्या काळी कागदपत्रं नसलेली माणसं अशीच यायची. किनारा दिसला की नाखवा सांगायचा, "उतरा, आता पोहत जा." अब्बा उतरले. किनाऱ्याला लागले नाहीत. त्यांची कबर नाही, कुठे फातिहा वाचावा अशी जागा नाही. अजमानशेजारच्या उम्म अल कुवैनच्या त्या किनाऱ्यावर अशी किती माणसं गेली, ते समुद्रालाच ठाऊक.

तिथल्याच एका वृद्ध अरब गृहस्थांनी लहानपणी ती वाहून आलेली माणसं पाहिली होती. त्यांनी किनाऱ्यालगतची आपली थोडी जागा मराठी मंडळाला दिली आणि सांगितलं, इथे त्यांच्या आठवणीची बाग करा. सत्त्याण्णवच्या जानेवारीत काम सुरू झालं. दर शुक्रवारी दुबई, शारजा, अजमानहून माणसं यायची. पुण्यामुंबईची ऑफिसातली मंडळी आणि रत्नागिरी-रायगडची मुसलमान कुटुंबं, सगळी एकत्र वाळू उपसायची, खत कालवायची आणि घामाघूम होऊन बटाटेवडे खायची. मंडळाचे अध्यक्ष विजयकुमार पुण्याचे. दुबईच्या एका कंपनीत इंजिनिअर. बोलायला गोड, कामाला वाघ, फक्त एक काम हातात असताना त्यांना दुसरं आठवायचं. "यल्ला यल्ला, फ्रेंड्स! हा प्रोजेक्ट आपण टाइममध्ये कंप्लीट करायचा!" असं ओरडत ते सगळ्यांना नाचवायचे. मला ते फार आवडायचे. खोटं कशाला बोलू?

प्रत्येक बुडालेल्या माणसाच्या नावाने एक कडुनिंब लावायचा आणि त्याच्याशी नावाची पाटी रोवायची, असं ठरलं. बाकीच्यांनी नर्सरीतून रोपं आणली. सुरैय्याचं रोप मात्र वेगळं होतं. अब्बांनी स्वतः लावलेला कडुनिंब गावच्या घरामागे अजून उभा होता. तिच्या अम्माने त्याच्या ताज्या निंबोळ्या येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती पाठवल्या होत्या. त्यातली एकच रुजली. ती तिने अजमानच्या बाल्कनीत, दुधाच्या पावडरीच्या डब्यात, लेकरासारखी वाढवली. "मेलेल्या माणसाच्या नावाने झाड लावलं ना," ती कुंदाला सांगायची, "तर पाखरू त्यावर बसेल, कुणी सावलीत टेकेल, तोवर सवाब, म्हणजे पुण्य, त्याला पोचत राहतो. अब्बांना दुसरं काय देऊ मी?"

कुंदा तिची मैत्रीण. त्याच इमारतीत राहणारी, मूळची ठाण्याची. दोघींचा जीव एकमेकींत अडकलेला. तिथल्या विहिरीचं पाणी खारं, रोपं जाळणारं. म्हणून टँकरचं गोडं पाणी पिंपात भरून ठेवायचे आणि या दोघी मला आळीपाळीने उचलून झाडामागून झाड भिजवत जायच्या. घरी परतल्यावर सुरैय्या अम्माला फोन लावायची. अब्बांच्या झाडाला नवं पान फुटलं, ही त्या आठवड्याची बातमी असायची.

मग जुलै आला. आखातातल्या कुटुंबांची एक रीत आहे. शाळांना सुट्टी लागली की बायकामुलं दोन महिने गावी जातात आणि पुरुष मागे एकटे राहतात. झाडाला गावी जाता येत नाही, हे बाग आखताना कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. सुरैय्याने निघायच्या आधी विजयकुमारांना दहादा विचारलं.

"विजयभाई, पाण्याचं बघाल ना?"

"भाभी, नो टेन्शन! मी इथेच आहे ना बॅचलर म्हणून. दर फ्रायडेला येणार. प्रॉमिस."

ते दोनदा आले. मित्रांनो, मी त्या उन्हाळ्याची साक्षीदार आहे. पत्र्याच्या खोपटात मी खिळ्याला टांगलेली होते आणि दाराच्या फटीतून बाग दिसत होती. पिंपात पाणी होतं, मी धडधाकट होते, फक्त उचलणारा हात नव्हता. बाहेर ऊन असं की वाळूवर पाय ठरेना. दुबईत थंडगार फ्लॅटमध्ये बसलेल्या माणसाला 'पुढच्या शुक्रवारी जाऊ' असं वाटत राहिलं असेल. अब्बांच्या झाडाची पानं आधी मिटली, मग पिवळी पडली, मग गळाली. शेवटी काडी उरली. मी पाण्यापासून हातभर अंतरावर होते आणि काही करू शकत नव्हते. याहून मोठी शिक्षा झारीला नाही.

ऑगस्ट संपता संपता विजयकुमार आले आणि झाडाझाडाशी थांबत बागभर फिरले. ते खरंच रडले, हे मला सांगितलंच पाहिजे. पण रडून झाल्यावर त्यांनी मोबाइल काढला. दुसऱ्याच दिवशी नर्सरीची गाडी आली आणि मेलेली झाडं उपटून त्या जागी नवी लागली. फक्त अब्बांची काडी उपटायला त्यांचा हात धजला नाही, नवं झाड तिच्या शेजारी लागलं. बाकीच्यांना कळलं तेव्हा ते हळहळले आणि गप्प बसले. एका नर्सरीचं झाड गेलं, दुसरं आलं. सुरैय्याचं काय करायचं, एवढाच प्रश्न राहिला.

कुंदा त्या वर्षी लवकर परतली होती. विजयकुमारांनी तिला बागेत आणून सगळं सांगितलं.

"कुंदाताई, भाभींना कसं सांगू? मला तोंड नाही हो."

कुंदाने खाली बसून ती काडी चाचपून पाहिली. मग म्हणाली, "नको सांगूया. ती कोसळेल. तिच्या अम्माचं तर काय होईल!"

आणि तिने स्वतःच्या हाताने ती काडी उपटली, अब्बांच्या नावाची पाटी काढली आणि नव्या झाडाशी रोवली. पाटी तीच, झाड दुसरं. मग तिने मला भरलं आणि त्या झाडाला पाणी घातलं. माझं निम्मं पाणी बाहेरच सांडलं.

सप्टेंबरात सुरैय्या लेकीला घेऊन आली. यम्ना ओरडली, "अम्मी, लुक! इट्स सो टॉल!" सुरैय्याने झाडाला मिठी मारली. "विजयभाई, काय घातलंत हो याला? माझ्या कमरेएवढं होतं, डोक्यावर गेलं!" विजयकुमार हसले. कुंदा हसली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्या दोघांना वाटलं असणार. त्या मुठीत एक मेलेलं झाड होतं.

पुढची वर्षं माझ्या कौतुकाची गेली. बाग दाट झाली, उन्हाळ्यात पाण्याची पाळी नीट लागू लागली. पाहुणे यायचे, फोटो निघायचे. सुरैय्या दर शुक्रवारी मला घेऊन अब्बांच्या झाडाशी बसायची, फातिहा वाचायची आणि संध्याकाळी अम्माला फोन करायची. "अम्मा, या वर्षी फुलं आली. वास अगदी आपल्या मागीलदारासारखा." म्हातारी ते ऐकत ऐकत दोन हजार साली शांतपणे गेली. कुंदा समोर असायची. ती मूग गिळून बसलेली मी किती वेळा पाहिली!

मग बागेचा पाचवा वाढदिवस आला. विजयकुमार कायमचे पुण्याला निघाले होते, त्यामुळे त्यांचा निरोपसमारंभही त्याच दिवशी ठेवला. झाडांखाली खुर्च्या, माइक, हार, सगळं होतं. विजयकुमार बोलायला उठले आणि रंगात आले.

"फ्रेंड्स, आज एक सीक्रेट सांगून टाकतो. नाइन्टी-सेव्हनच्या समरमध्ये ही सगळी बाग खलास झाली होती! माझी चूक. पण आम्ही काय केलं? चार दिवसांत नवी झाडं उभी केली! सुरैय्याभाभींना तर पत्तासुद्धा लागला नव्हता, क्या भाभी? याला म्हणतात मॅनेजमेंट!"

टाळ्या पडल्या. काही लोक हसले. इतक्या वर्षांत कुणीतरी तिला सांगितलंच असेल, असं त्या शहाण्याला वाटलं होतं. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. कापणाऱ्याच्या गळ्यात हार होता.

सुरैय्या तेव्हा मला हातात घेऊन झाडापाशी उभी होती. तिने मला हळूच खाली ठेवलं. टाळ्या विरल्या. विजयकुमारांचा चेहरा पडला. "सॉरी भाभी... मला वाटलं तुम्हाला एव्हाना..." ती त्यांच्याकडे बघतच नव्हती.

"कुंदा, तुला माहीत होतं?"

कुंदाने मान खाली घातली. "हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. पाटी मीच लावली. सुरैय्या, तू कोसळशील असं वाटलं गं. तुझ्या भल्यासाठीच..."

"माझ्या भल्यासाठी!" सुरैय्याचा आवाज चढला नाही, तरी मागच्या खुर्च्यांपर्यंत ऐकू गेला. "अब्बा बुडाले तेव्हा लाँचमधले लोक परत गावात आले होते. सगळ्यांना ठाऊक होतं. पण आमच्या भल्यासाठी सांगत राहिले, 'पोचलाय तो, इन्शाल्ला पत्र येईल.' अम्मा कितीतरी वर्षं पोस्टमनची वाट बघत दारात बसली. साऱ्या गावात आम्ही दोघीच मायलेकी वेड्या. आणि आज पुन्हा तेच. अम्माला मी दर जुम्म्याला सांगत होते, अब्बांचं झाड वाढतंय म्हणून. अम्मा मरेपर्यंत तुम्ही माझ्या तोंडून तिच्याशी खोटं वदवलंत, कुंदा."

कुंदा रडत पुढे झाली. सुरैय्या मागे सरली.

"झाड सुकलं असतं तर मी रडले असते. रडून झाल्यावर घरून दुसऱ्या निंबोळ्या मागवल्या असत्या. तेव्हा अम्मा होती, पाठवणारी होती. आता कुणाला सांगू?"

यम्नाचा हात धरून ती निघून गेली. पुन्हा कधी आली नाही. एवढं काम केलेल्या माझ्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही, याचं मला वाईट वाटलं. पण रागावू कुणावर? मलाही सगळं ठाऊक होतं, फक्त मला वाचा नव्हती. त्या माणसांना तर वाचा होती.

आता बागेत कुंदा एकटी येते. गेली दोन वर्षं ती जुलै-ऑगस्टात गावी गेलेली नाही. भर उन्हात पदर डोक्यावर घेऊन ती त्या झाडाला पाणी घालते. झाड बिचारं निर्दोष आहे, ते सावली देतं. कुंदा रोज सुरैय्याचा दरवाजा ठोठावते म्हणे. दरवाजा उघडत नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा, वेळच्या वेळी धुवा, उन्हात टाकू नका, हे सांगायला मी बसले नव्हते. माझी मागणी निराळी आहे. तुमच्या हातून कुणाचं झाड वाळलं, तर ते ज्याचं आहे त्याला जाऊन सांगा. तो रडेल. त्याला रडू द्या. आणि त्याचं रडणं झालं की झारी भरून त्याच्या हातात द्या.