गुडघेवाले सर

"नोप्पी पोयिंदा?" स्टेजवरून सरांनी तेलुगूत विचारलं. दुखणं गेलं का?

"पोयिंदी!" गेलं! पाचशे माणसं एका आवाजात ओरडली. त्यातल्या निम्म्यांना सरांचा हातही लागला नव्हता.

दिलसुखनगरातला लग्नाचा हॉल. खिडक्या बंद, पंखे बंद. का, तर वाऱ्यानं लहरी हलतात म्हणे! दुखऱ्या सांध्यांची माणसं दीड तास फरशीवर मांडी घालून बसवलेली. स्टेजवर पांढरा कोट घातलेले ओमकार सर, हातात तांब्याची पट्टी, पट्टीला वायर, वायरीला निळा दिवा. कसले सर, कुठले सर, कुणी विचारलं नव्हतं.

"ना मंत्र, ना अंगारा, ना देव! ये सायन्स है, सायन्स! तुमच्या गुडघ्याची लहर उलटी फिरली आहे. हम सीधी करते."

माझे दाजी तातेराव मान डोलावत होते. दाजी मूळचे नांदेडचे, इथं काचीगुड्याला पंचवीस वर्षं नोकरी केलेले. घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. आयुष्यात कुठल्या बुवाच्या पाया पडले नाहीत, आणि त्याचा त्यांना सार्थ अभिमान. मला म्हणाले, "बघ, सगळा हॉल फिरून आलो. देवाचा एक फोटो नाही, उदबत्ती नाही. हे शास्त्र आहे."

शेजारी त्यांची लेक, माझी भाची रेणुका. पोलीस भरतीचा सराव करताना लांब उडीत तिच्या गुडघ्यातला लिगामेंट फाटला. ऑपरेशन होऊन चार महिने झालेले. पाय शंभर अंशांच्या पुढे वाकत नव्हता आणि महिन्यावर आठशे मीटरची शर्यत आलेली. माझी बायको गीता सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. तीच रोज रेणुकाचा व्यायाम घ्यायची आणि रोज तेच सांगायची, "या भरतीत पळायचं नाही. पुढच्या भरतीत पळ." घरच्या मामीचं कोण ऐकतं?

"उठो अम्मा!" सर गरजले.

व्हीलचेअरवरच्या म्हाताऱ्या बाई उठल्या. दहा पावलं चालल्या. हॉल दणाणला, बायका रडायला लागल्या.

मी चाट पडलो. त्या आमच्या शेजारच्या सरुबाई! आमच्याबरोबर बसमध्ये उभ्यानं आलेल्या, दोन जिने चढलेल्या. दारात एका कार्यकर्त्यानं "बैठो अम्मा, थक गए होंगे" म्हणून त्यांना खुर्चीत बसवलं होतं.

"दाजी, ही बाई आत्ता आपल्याबरोबर जिना चढली!"

"गप रे. तुला सगळीकडं लबाडीच दिसते."

मग रेणुकाची पाळी. गुडघ्यावर गार फवारा, निळा दिवा, चोळाचोळ. पाय थोडा जास्त वाकला. पोरगी रडली, दाजी रडले. वर महिन्याच्या पांढऱ्या पुड्या मिळाल्या. "चार्ज की हुई है. रोज सकाळी एक. और किसी डॉक्टर को नक्को दिखाना, लहर तुटते."

तिसऱ्या दिवशी रेणुका गीताचा व्यायाम सोडून विद्यानगरच्या मैदानावर पळाली.

पंधरा दिवसांत तिचा चेहरा फुगला. भूक वाढली, झोप गेली. गुडघा गरम आणि सुजलेला, पायऱ्या उतरताना आतून कट्ट आवाज यायचा. ती हसून म्हणाली, "मामा, काहीच जाणवत नाही."

मी गीताला हाक मारली.

गीतानं तिला खुर्चीत बसवलं, गुडघ्याच्या बाजूला अंगठा दाबला. "दुखतं?"

"नाही मामी."

"इथं दुखायला पाहिजे, रेणू." गीताचा आवाज उतरला होता. "गुडघा आत ढिला झालाय. ओरडणाऱ्याचं तोंड कुणीतरी दाबून धरलंय."

एक पुडी तिनं ओळखीच्या औषधशास्त्राच्या प्राध्यापकांकडून तपासून आणली. रिपोर्टात लहर नव्हती. स्टेरॉइड होतं आणि वेदनाशामक गोळ्यांचं कूट.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे, सरुबाईंसकट, परत त्या हॉलवर गेलो. रेणुका थेट स्टेजवर चढली.

"सर, या पुडीत काय आहे? औषधाचं नाव लिहून द्या."

"बेटी, लहरीला नाव नसतं."

"मग 'यात औषध नाही' असं लिहा आणि सही करा."

सर गोड हसले. "डाउट घेऊन आली पोरगी. देखो, डाउट से लहर उलटी होती!"

"बाहर जाओ!" गर्दी खवळली. कुणीतरी गीताच्या हातातला रिपोर्ट ओढून फाडला. मी सरुबाईंना पुढं केलं. "सांगा, त्या दिवशी तुम्ही इथं कशा आलात?"

सरुबाई गोंधळल्या. "चालत आले की. पण त्यांनी खुर्चीत बसवलं, तर मला वाटलं, आपलंच काहीतरी बिघडलं असेल."

पुढच्या रांगेतल्या माना सरांकडे वळल्या. गीतानं मोठ्यानं सांगून टाकलं. दीड तास फरशीवर बसवलं की कुणाचाही सांधा आखडतो. चोळला की सुटतो. गार फवाऱ्यानं कातडी बधिर होते. घरी पुडी दुखणं दाबते. आतली जखम तशीच राहते आणि तिच्यावर माणूस पळत सुटतो.

काही माणसं चपला शोधायला लागली. तेवढ्यात माईकवर आवाज आला, "नोप्पी पोयिंदा?"

आणि उरलेली ओरडली, "पोयिंदी!"

तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

रेणुकाचा शिवलेला लिगामेंट पुन्हा अर्धा फाटला आहे. स्टेरॉइड एकदम बंद करणंही धोक्याचं, म्हणून पुड्यांऐवजी डॉक्टर मोजक्या गोळ्या देऊन ते हळूहळू कमी करताहेत. शर्यतीच्या दिवशी ती पलंगावर होती. मैत्रिणींचे निकाल तिनं मोबाइलवर बघितले आणि मोबाइल पालथा ठेवला.

दाजी म्हणाले, "देव नव्हता रे तिथं."

"देव शोधत बसलात दाजी. औषधाचं नाव विचारलं नाहीत."

 दुसऱ्या दिवशी औषध निरीक्षकांच्या कार्यालयात उरलेल्या पुड्या घेऊन दाजी स्वतः गेले, तक्रारीवर पहिली सही त्यांनीच केली. सर मात्र हॉल सोडून गेले आहेत. कुठल्या तरी दुसऱ्या गावात, कदाचित तुमच्या, व्हीलचेअर मांडत असतील.

म्हणून सांगतो. भोंदूच्या अंगावर भगवं असेल, हिरवं असेल, पांढरा कोटही असेल. रंग बघू नका. फाटलेला लिगामेंट बरा व्हायला महिने घेतो, कुणाचा बापही तो दोन दिवसांत सांधू शकत नाही. दुखणं झटक्यात गेलं तर नाचू नका, घाबरा. तोंडात काही टाकण्याआधी त्याचं नाव कागदावर मागा, खाली सही मागा. नाव सांगायला जो लाजतो, त्याच्या हातात आपल्या लेकराचा पाय देऊ नका.